पिस्ट नेमकी किती तीव्र आहे? (हिवाळी स्की सहलीच्या निमित्ताने)

प्रेषक: सहल समिती
विषय: पिस्टच्या उताराविषयी विचारणा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

म्युनिकहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा स्की सहलीसाठी समितीपुढे ऑस्ट्रियातील माय्रहोफन आणि किट्झब्युल ही दोन ठिकाणे आहेत. माय्रहोफनच्या ‘हाराकिरी’ या पिस्टचा (म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या बर्फाच्या वाटेचा) उतार ७८ टक्के, तर किट्झब्युलच्या ‘श्ट्राइफ’ या शर्यतीच्या मार्गाचा कमाल उतार ८५ टक्के असल्याचे वाचून काही पालक चिंतेत पडले आहेत. १०० टक्के म्हणजे उभी भिंत असेल, तर त्या डोंगरावर मुलांना न्यावे तरी कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय, निळ्या (म्हणजे सोप्या) पिस्टवर स्थिरावलेल्या सभासदांना यंदा लाल (म्हणजे मध्यम अवघड) पिस्टवर जायचे आहे. त्यांना कोणती लाल पिस्ट झेपेल, हे आधी घरबसल्या ठरवता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सहल समिती

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
विषय: उत्तर: पिस्टच्या उताराविषयी विचारणा

सप्रेम नमस्कार,

माझे सारे आयुष्य भूमापनाच्या कामात गेले असल्यामुळे हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी पालकांची शंका. टक्केवारीतला उतार म्हणजे १०० मीटर आडवे अंतर कापताना आपण किती मीटर खाली येतो तो आकडा. त्यामुळे १०० टक्के म्हणजे ४५ अंश होतात, ९० नव्हे. उभ्या भिंतीचा उतार तर टक्क्यांत सांगताच येत नाही. या हिशेबाने हाराकिरीचे ७८ टक्के म्हणजे ३८ अंश आणि श्ट्राइफचे ८५ टक्के म्हणजे ४० अंशांहून किंचित जास्त. हे उतार स्कीसाठी अतिशय तीव्रच आहेत आणि आपल्या मंडळींनी तिकडे फिरकू नये. पण त्याच डोंगरांवरच्या इतर पिस्टविषयी हे आकडे काहीही सांगत नाहीत.

जर्मनी आणि ऑस्ट्रियातील मानकांनुसार निळ्या पिस्टचा उतार २५ टक्क्यांपर्यंत (१४ अंश) आणि लाल पिस्टचा ४० टक्क्यांपर्यंत (जवळपास २२ अंश) असावा लागतो. मोकळ्या जागेतील छोट्या टप्प्यांना मात्र यातून सवलत आहे. त्यापुढच्या साऱ्या पिस्ट काळ्या, म्हणजे सर्वांत अवघड. म्हणजेच काळ्या रंगाला वरची मर्यादा नाही, आणि लाल पिस्टवरही एखादा छोटा टप्पा ४० टक्क्यांहून तीव्र निघू शकतो. नवख्या माणसाची गाडी अडते ती नेमकी याच टप्प्यावर, आणि नकाशावरचा रंग त्याविषयी मौन बाळगतो. अमेरिकेतून नुकत्याच इकडे आलेल्या सभासदांनी हेही ध्यानात घ्यावे की तिकडचे रंग त्या त्या ठिकाणच्या इतर पिस्टच्या तुलनेत दिलेले असतात, त्यामुळे तिकडचा ‘निळा’ आणि इकडचा ‘निळा’ यांची सांगड घालू नये.

सरासरी उतार तर याहूनही फसवा असतो. श्ट्राइफचेच उदाहरण घ्या. मार्गाची लांबी ३,३१२ मीटर, सुरुवात १,६६५ मीटर उंचीवर, शेवट ८०५ मीटरवर. म्हणजे ८६० मीटरची घसरण आणि सरासरी उतार २७ टक्के. केवळ सरासरी पाहिली, तर जगातील सर्वांत धास्तीदायक शर्यतींपैकी एक असलेला हा मार्ग निळ्या पिस्टच्या मर्यादेच्या जेमतेम पुढे जातो! त्याचा ८५ टक्क्यांचा टप्पा ‘माउझेफाले’ या सुरुवातीच्या कड्यावर आहे, आणि पुढच्या सपाट भागांमुळे तो सरासरीत पार विरघळून जातो. सर्वसामान्यांसाठी असे तीव्र टप्पे टाळून जाणारी ‘फामिलियनश्ट्राइफ’ ही वेगळी वाट तिथे आहे, हे पालकांनी आवर्जून पाहावे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, पिस्टचा सर्वांत तीव्र असा सलग ५० मीटरचा टप्पा शोधावा आणि निर्णय त्यावरून घ्यावा. आल्पाइन क्लब या गिर्यारोहकांच्या संघटनेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) उंचीच्या २० मीटरच्या अंतराने असतात. तिथे लगतच्या दोन रेषांमध्ये ३.२ मिलिमीटर अंतर असेल तर उतार २५ टक्के, २ मिलिमीटर असेल तर ४० टक्के. रेषा १ मिलिमीटरहून जवळ आल्या की उतार ८० टक्क्यांच्या पुढे गेला. अंतर मोजताना पट्टी पिस्टच्या दिशेने धरावी आणि मग एकदा रेषांना काटकोनातही धरून पाहावी. तीव्र डोंगराला आडवी कापत जाणारी वाट स्वतः सौम्य असते, पण तिच्या कडेखालचा उतार सौम्य नसतो.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

---

प्रेषक: एक सभासद, आउग्सबुर्ग
विषय: उत्तर: उत्तर: पिस्टच्या उताराविषयी विचारणा

आदरणीय काका,

आपल्या पत्रामुळे बराच उलगडा झाला. एक शंका मात्र उरते. माझ्या फोनमधील ॲपने एका लाल पिस्टवर कमाल उतार ४५ अंश दाखवला होता, आणि वरून पाहताना मलाही तो तेवढाच वाटला होता. मग मानक खोटे मानायचे की फोन?

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पिस्टच्या उताराविषयी विचारणा

प्रिय मित्रा,

तुमची शंका रास्त आहे, पण इथे फोनवरही विसंबू नये आणि डोळ्यांवरही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना आपण सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जातो. तेवढ्यात उपग्रहांवरून काढलेली उंची ३ मीटरने जरी चुकली, तरी सपाट जागेवर २७ टक्क्यांचा खोटा उतार उमटतो. ॲप त्यातला सर्वांत मोठा आकडा ‘कमाल’ म्हणून जपून ठेवते. नोंद वापरायचीच असेल, तर किमान १०० मीटरच्या टप्प्याचा उतार काढावा. विमानातून लेसरने मोजलेली उंचीची माहिती मिळत असेल तर ती याहून कितीतरी भरवशाची. मात्र तिच्यातील बिंदू फार विरळ असले, तर छोटे कडे गुळगुळीत होऊन उतार कमी दिसतो.

डोळ्यांबद्दल सांगायचे तर, १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ५ अंशांची टेकडी पाहणाऱ्यांना सुमारे २० अंशांची वाटते. ४५ अंशांचे पिस्ट पाहिल्याचे सांगणाऱ्या आपल्या सभासदांनी खरे तर बहुधा २० ते २५ अंश पाहिलेले असतात.

प्रत्यक्ष जागेवर खात्री करायची असेल, तर स्कीच्या दोन काठ्या पुरतात. पिस्टच्या कडेला, मागून येणाऱ्यांना दिसेल अशा जागी थांबावे. एक काठी बर्फावर सरळ उभी धरावी. १२० सेंटीमीटरची दुसरी काठी आडवी धरून तिचे टोक चढाच्या बाजूला बर्फाला टेकवावे आणि तिचे दुसरे टोक उभ्या काठीला किती उंचीवर लागते ते पाहावे. ३० सेंटीमीटर म्हणजे २५ टक्के, ४८ सेंटीमीटर म्हणजे ४० टक्के. काठीची लांबी वेगळी असेल तर त्या प्रमाणात खुणा बदलाव्यात.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

---

प्रेषक: सहल समिती
विषय: सहलीचा निर्णय

सप्रेम नमस्कार,

वरील चर्चेनुसार समिती दोन्ही ठिकाणच्या लाल पिस्टमधील सर्वांत तीव्र ५० मीटरचा टप्पा नकाशावरून काढणार आहे, आणि तो ३५ टक्क्यांच्या आत असेल अशाच पिस्ट पहिल्यांदा लाल उतारावर जाणाऱ्यांसाठी निवडणार आहे. या कामासाठी आल्पाइन क्लबचे नकाशे असलेल्या सभासदांनी येत्या रविवारपर्यंत समितीशी संपर्क साधावा. काठ्यांवर खुणा करण्यासाठी लाल आणि निळी चिकटपट्टी बसमध्ये ठेवलेली असेल.

सहल समिती