विषय: शनिवारचे माहितीपट (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटनमधलं अन्न) – क्रम आज रात्री पक्का करायचाय

मंडळी,
सभागृह दोन ते पाचच मिळालंय. खुर्च्या आणि चहा धरले की तासाभराचे दोन भाग, बस. आलेल्या मतांवरून क्रम असा: पहिला 'वॉरटाइम फार्म' (बीबीसी, २०१२), दुसरा 'द वॉरटाइम किचन अँड गार्डन' (बीबीसी, १९९३), तिसरा 'द नाइन्टीन फॉर्टीज हाउस' (चॅनल फोर, २००१). तिसरा गळेल. हरकत असेल तर आजच कळवा.
– कार्यवाह

---

तिसरं नाव यादीत आलंच कसं? फक्त सार्वजनिक वाहिनी असं बैठकीत ठरलं होतं. चॅनल फोरवर जाहिराती असतात. याच नियमावर माझा 'द वर्ल्ड अॅट वॉर' काढला गेला.
– नाना

---

नाना, तो थेम्स टेलिव्हिजनचा, म्हणजे खाजगी कंपनीचा. चॅनल फोर जाहिरातींवर चालतं, पण मालकी सरकारची. आणि तो तसाही गळतोय, मग भांडण पहिल्या नंबरचं करू या. 'वॉरटाइम फार्म' उत्तमच आहे. युद्धात सरकारी समित्या कुरणं नांगरायला लावत, शेतकऱ्यांना अ, ब, क अशी प्रत देत, आणि ऐकलं नाही तर जमीनही काढून घेत. हे सगळ्यांना कळायलाच हवं. पण आपला विषय ताट आहे. 'किचन'मधल्या रूथ मॉट त्या काळातल्याच स्वयंपाकीण. त्यांचे हात नुसते बघत बसावेत.

काल मी रेशनचा चहा मोजला. माणशी आठवड्याला दोन औंस, ५७ ग्रॅम. आमटीची एक वाटी जेमतेम भरली. शनिवारी टेबलावर ती वाटी ठेवणार आहे. माझं मत 'किचन' पहिला.
– सुमाताई

---

चहाची पूड मंडळाच्या डब्यातली घेऊ नका. तिचा हिशोब दिवाळीत झालाय.
– खजिनदार

---

सुमाताई, वाटी जरूर ठेवा. पण त्या यादीत बंगाल कुठे आहे? मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या सरकारनेच काढून घेतल्या. ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळ. १९४३ मध्ये भाव असे चढले की मजुराला भात परवडेना. मेलेल्यांचा आकडा ३० लाखांपर्यंत सांगतात. इथलं, ब्रिटनमधलं रेशन १९५४ पर्यंत चाललं, त्याचे हाल खरेच, पण निदान प्रत्येकाच्या नावाचं कार्ड होतं.

मुंबईत रेशनिंग आलं तेही १९४३ चंच. आजी गिरगावात होती. तांदूळ निवडताना ती खड्यांची वेगळी ढिगली करायची आणि आईला म्हणायची, "एवढं वजन आपण पैसे देऊन आणलं." मला दोन भागांच्या मध्ये १५ मिनिटं द्या. चित्तप्रसाद यांची दुष्काळाची चित्रं आणि सुनील जाना यांची छायाचित्रं दाखवते. चित्तप्रसाद पुढे मुंबईतच राहिले.
– लतामावशी

---

कुरणं नांगरली ती गव्हासाठी आणि बटाट्यासाठी. बागेवर कोणी बोलणार असेल तर ते बागकाम गटाकडे राहू द्या.
– नाना

---

ठरलं. आधी 'किचन', मग लतामावशींची १५ मिनिटं, मग 'फार्म'चा एक भाग. बागेवर नाना चहाच्या वेळात बोलतील. सुमाताई, पूड घरची आणा. आणि गणपतीत प्रोजेक्टरची वायर कोणाकडे गेली? शुक्रवारपर्यंत हवी आहे.
– कार्यवाह