कॉम्प्रेशन बूट: प्रेशर किती, वेळ किती?

कमाटीबाग_रनर
हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे, दर रविवारी 16-18 किमी. अलकापुरीतल्या एका रिकव्हरी स्टुडिओत हवा भरणारे बूट आहेत, अर्ध्या तासाचं सेशन. मशीनवर 1 ते 7 आकडे. तिथला मुलगा म्हणतो, जास्त ठेवा, लॅक्टिक ॲसिड निघून जाईल. किती ठेवायचं? शिवाय आईला डायबेटिस आहे, संध्याकाळी पाय सुजतात. तिलाही बसवू का?

फिजिओ_बडोदा
लॅक्टिक ॲसिडचं सोडा. पळणं थांबल्यावर तासाभरात रक्तातलं लॅक्टेट आपोआप खाली येतं. तुम्ही स्टुडिओत पोचेपर्यंत ते काम झालेलं असतं. बुटांनी पायाचा जडपणा आणि ठणका थोडा कमी वाटतो. दुसऱ्या दिवशी वेग वाढेल अशी आशा मात्र ठेवू नका.

1 ते 7 हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे. 'एमएमएचजीमध्ये (बीपी मोजतात त्याच एककात) किती?' असं विचारा. पहिल्यांदा 40, वीस मिनिटं. ठीक वाटलं तर पुढे 60-70. त्याहून वर नेऊन वेगळं काही मिळत नाही. घट्ट मिठीसारखं वाटायला हवं. बधिरपणा, मुंग्या किंवा कळ आली की लगेच बंद.

दांडिया_बाजार
बूट चढवताना खिशातली किल्ली-मोबाइल काढा, आत पातळ सुती लेगिंग घाला (तोच बूट दिवसभर दहा जणांच्या पायात जातो). साइज बघून घ्या. लांब बूट गुडघ्यामागे दुमडला की तिथे घडी रुतते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गोळ्याखाली एक नस (संवेदना नेणारी, रक्ताची नव्हे) अगदी वरवर असते. ती दाबली गेली तर पावलाची वरची बाजू बधिर होते.

बुटातले चेंबर (हवेचे कप्पे) पावलापासून मांडीकडे क्रमाने भरायला हवेत. एखादा भरतच नसेल तर आधी नळीला पीळ पडलाय का ते बघा, मग जोड सैल आहे का. मांडीचा चेंबर भरताना पोट भरलेलं नको, सेव-उसळ नंतर.

फिजिओ_बडोदा
आईंबद्दल: परस्पर बसवू नका. डायबेटिसमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग जास्त दाब त्यांना कळणारच नाही. पायाच्या धमन्या अरुंद असतील तर दाबाने रक्त आणखी कमी पोचतं. सूज हृदयामुळे असेल तर पायातलं पाणी वर ढकलणं धोक्याचं. आधी डॉक्टरांकडून पावलातली नाडी, संवेदना आणि सुजेचं कारण बघून घ्या. बीपीच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात, तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या.

आणि हे तुम्हालाही लागू: एकाच पोटरीला सूज, ऊब, दुखरेपणा असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर बूट अजिबात नको. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करून कळतं. कातडी लाल-गरम किंवा उघडी जखम असेल तरी नाही.

कमाटीबाग_रनर
आईचं आधी डॉक्टरांना विचारतो. माझं रविवारी पळून आल्यावर लगेच की संध्याकाळी?

दांडिया_बाजार
संध्याकाळी. आधी पाणी, जेवण, जमल्यास झोप. बसण्यापूर्वी लघवीला जाऊन या, मधे उठायचं तर दोन्ही झिप उघडाव्या लागतात. संपल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा: दोन-तीन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर पुढच्या वेळी दाब वाढवायचा नाही, आधी दाखवून घ्यायचं.