मदत हवी आहे: यीस्टच्या विभाजनात कॅल्शियम नेमके कुठे लागते?

नमस्कार.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पावासाठी वापरतात त्या यीस्टच्या, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीच्या, पेशीविभाजनात कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनांचे काय काम असते, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. माझे वाचन आणि माझा प्रयोग यांचा मेळ बसत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी वाचनाबद्दल सांगतो. कॅल्मोड्युलिन, म्हणजे कॅल्शियम धरून इतर प्रथिनांना चिकटणारे एक लहान प्रथिन, याचे या यीस्टमधले जनुक, सीएमडी१, १९८६ साली ओळखले गेले आणि ते काढून टाकले की पेशी जगत नाही, हेही तेव्हाच दिसले. हे प्रथिन १४७ अमिनो आम्लांचे असून प्राण्यांच्या कॅल्मोड्युलिनशी त्याचे साम्य सुमारे ६० टक्के आहे. त्यातल्या चार ईएफ-हँड घड्यांपैकी (कॅल्शियम जिथे बसते त्या खाचांपैकी) चौथी कॅल्शियम धरत नाही, म्हणजे एका रेणूत कॅल्शियमचे तीनच आयन बसतात. इथवर मला अडचण नव्हती. पण १९९१ साली ट्रिशा डेव्हिस यांच्या गटाने उरलेल्या तिन्ही घड्यांतली कॅल्शियम पकडणारी अमिनो आम्ले बदलून टाकली आणि तरीही त्या पेशी वाढत राहिल्या, विभागत राहिल्या. ज्या प्रथिनावाचून पेशी मरते, त्या प्रथिनाने कॅल्शियम धरले नाही तरी चालते, असा याचा सरळ अर्थ होतो.

आता प्रयोगाकडे येतो. वायपीडी या यीस्ट वाढवण्याच्या नेहमीच्या माध्यमात मी कॅल्शियम बांधून ठेवणारे ईजीटीए वाढत्या मात्रेत घातले. कमी मात्रेत काहीच फरक पडला नाही, जास्त मात्रेत मात्र वाढ थांबली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा काही पेशींना कळी (मूळ पेशीवर फुटणारी नवी पेशी) नव्हती, काहींना लहान कळी होती, तर काहींची कळी जवळजवळ मूळ पेशीएवढी वाढलेली होती.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते यावरून विभाजनाला कॅल्शियम लागते असे लिहिता येईल, पण १९९१ चा तो निष्कर्ष समोर असताना ते वाक्य लिहायला माझे मन धजावत नाही. सीडीसी३१, म्हणजे यीस्टचे सेंट्रिन, हेही याच कुळातले प्रथिन असल्यामुळे कॅल्शियमची गरज त्याच्यामार्फत असेल का, हा माझा दुसरा प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपली शंका योग्य आहे. ते वाक्य तूर्त लिहू नका.

कॅल्मोड्युलिनचे विभाजनातले मुख्य काम स्पिंडल पोल बॉडीमध्ये चालते. विभाजनात गुणसूत्रे ओढणारे तर्कुतंतू जिथून निघतात ती ही रचना केंद्रकाच्या आवरणातच बसवलेली असते. तिच्यातल्या एसपीसी११० या लांब प्रथिनाच्या शेपटीला कॅल्मोड्युलिन चिकटलेले असते आणि यीस्टमध्ये हे चिकटणे कॅल्शियमवर अवलंबून नाही. तापमान वाढवले की निकामी होणारे सदोष कॅल्मोड्युलिन असलेल्या पेशी सूत्रीविभाजनातच मरतात, परंतु एसपीसी११० ची ती शेपटी छाटली की त्यातल्या पुष्कळशा वाचतात, असे १९९३ साली दाखवले गेले. यावरून कॅल्मोड्युलिन इथे संदेश वाहण्यापेक्षा बांधकामातल्या एखाद्या जोडासारखे वागते, असे माझे मत झाले आहे. कळीकडे माल वाहून नेणाऱ्या मायो२ या मायोसिनशीही ते कॅल्शियमविना जोडले जाते. मात्र हा नियम साऱ्या यीस्टना लावू नका: मधोमध दुभागणाऱ्या स्किझोसॅकरोमायसिस पोंबेचे कॅल्मोड्युलिन कॅल्शियम अजिबात धरू शकत नसेल, तर ती पेशी जगत नाही.

सीडीसी३१ चे काम निराळे आहे. स्पिंडल पोल बॉडीची दुसरी प्रत तयार होण्यासाठी तिच्या बाजूला जो अर्धपूल असतो, तिथे ते केएआर१ आणि एसएफआय१ या प्रथिनांच्या सोबत असते. ते बिघडले की मोठी कळी आलेल्या आणि एकच, फुगलेली स्पिंडल पोल बॉडी असलेल्या पेशी साचतात. आपल्या पेशी मात्र वेगवेगळ्या अवस्थांत थांबलेल्या आहेत. विभाजनाची एखादी ठरावीक पायरी अडली असती, तर बहुतेक पेशी एकसारख्या दिसल्या असत्या. त्यामुळे ईजीटीएचा परिणाम सर्वसाधारण उपासमारीसारखा असावा, असे मला वाटते.

ईजीटीएबद्दलही थोडे सांगायला हवे. त्याची कॅल्शियमवरची पकड सामूप्रमाणे (पीएचप्रमाणे) फार बदलते आणि सामू ७ वरून ६ वर आला की जवळजवळ शंभरपटीने सैल होते. वायपीडी मुळातच किंचित आम्लधर्मी असते, यीस्ट वाढताना ते आणखी आम्ल होते, आणि कॅल्शियम बांधताना ईजीटीए स्वतःही प्रोटॉन सोडते. शिवाय ते जस्त आणि मँगनीजही बांधते, आणि पेशीला त्यांचीही गरज असते. म्हणून सामू बांधून ठेवा. एका नळीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत जस्त, तिसरीत मँगनीज परत घालून पाहा. कॅल्शियम घातल्यानेही बांधलेले इतर धातू काही प्रमाणात सुटतात, तेव्हा केवळ पहिल्या नळीवर विसंबू नका.

सर्वांत बोलका प्रयोग मात्र वेगळा आहे. कॅल्शियम न धरणारे कॅल्मोड्युलिन असलेला वाण मिळाला, तर त्यालाही तेवढेच ईजीटीए द्या. तोही तसाच थांबला, तर कॅल्मोड्युलिनने कॅल्शियम धरणे हे थांबण्याचे कारण नव्हे, हे स्पष्ट होईल.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. आपले वाचून आज सामू मोजला. जास्त ईजीटीए घातलेल्या नळ्यांत तो खरोखरच बराच खाली गेलेला आहे, म्हणजे माझ्या नळ्यांमध्ये एकाच वेळी दोन गोष्टी बदलत होत्या. पुढच्या आठवड्यात सामू स्थिर ठेवून तिन्ही धातूंसह प्रयोग पुन्हा करतो.

एक शंका उरते. कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेट काढणारे विकर कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिन या दोघांनी मिळून चालू होते. ते नसलेल्या पेशी साध्या माध्यमात वाढतात, पण जास्त क्षारात किंवा संयोगाच्या फेरोमोनच्या (जोडीदार पेशीने सोडलेल्या, विभाजन थांबवणाऱ्या रसायनाच्या) सान्निध्यात बराच काळ ठेवल्या की टिकत नाहीत. तर प्रकल्पाचा प्रश्नच बदलून, फेरोमोनने थांबवलेल्या पेशी पुन्हा विभाजनाकडे वळताना कॅल्शियम लागते का, असा ठेवावा का? आणि कॅल्शियम न धरणाऱ्या कॅल्मोड्युलिनचा वाण भारतातल्या एखाद्या प्रयोगशाळेत असल्याचे कुणाला माहीत असेल, तर कृपया इथे कळवावे.