मधुमेहाच्या खोट्या जाहिरातीसाठी छापणाऱ्यालाही कैद व्हावी का?

रामबागकर:
माझ्या मोठ्या काकांनी दिवाळीनंतर इन्सुलिन सोडलं. रिक्षाच्या मागे चिकटवलेल्या पत्रकावर ‘90 दिवसांत शुगर मुळासकट’ असं होतं, खाली मोबाईल नंबर. दोन महिने पुड्या घेतल्या. पायाची जखम काळी पडली तेव्हा कुठे आम्हाला कळलं. अंगठा काढावा लागला. आता तो नंबर बंद.
औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींवर 1954 चा कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, फिट असे आजार त्याच्या यादीत आहेत. ते बरे करतो म्हणून औषधाची जाहिरातच करायची नाही. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर वर्षापर्यंत. मला वाटतं, छापणाराही आत गेला पाहिजे.

ऑफसेटवाला:
दादा, काकांचं ऐकून फार वाईट वाटलं. पण खजुरी बाजाराजवळ माझा छोटा छापखाना आहे, म्हणून बोलतो. गिऱ्हाईक डिझाइन पेन ड्राइव्हवर घेऊन येतं. लगीनसराईत पोरगा प्लेट लावतो, मजकूर वाचायला कोणाला सवड? टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या नटाला 2019 च्या ग्राहक कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. दोन वर्षांपर्यंतची कैद माल बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला, नटाला नाही. मग मलाच का?

सुदामानगरची ताई:
भाऊ, मी वकिली करते. 1954 चा कायदा तुम्हाला आजही धरतो. ‘जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणं’ याच्या व्याख्येत छपाई नाव घेऊन आहे, आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवायही अटक करू शकतात.

मल्हारगंज:
हीच भीती आहे. माझे मेहुणे नोंदणीकृत वैद्य आहेत. उद्या त्यांच्या पाटीवर ‘मधुमेह’ दिसला की कोणीही धमकावेल. 1959 च्या डिसेंबरात हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेच यातली जप्तीची मोकाट सत्ता रद्द केली होती.

सुदामानगरची ताई:
त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं की अशी जाहिरात भाषणस्वातंत्र्यात बसत नाही. ते अर्धं सोडू नका. आणि नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या दवाखान्यावर लावलेल्या पाटीला कायद्यात सूट आहे. मेहुण्यांना निश्चिंत राहू द्या.

रामबागकर:
ऑफसेटवाले भाऊ, मी तुमच्यावर राग काढत नाहीये. पण विचार करा, पुड्या कुरिअरने आल्या, पैसे फोनवरून गेले. त्या माणसाचा चेहरा काकांनी कधी पाहिलाच नाही. पाहिला असेल तर छापणाऱ्याने. तो गप्प बसला तर धागा तिथेच तुटतो.

ऑफसेटवाला:
हे पटतं. अशा कामाला गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, ओळखपत्राची झेरॉक्स ठेवायला मी तयार आहे. न ठेवणाऱ्याला जबर दंड करा. पण न वाचता छापलं म्हणून कैद, हे मी मान्य करणार नाही. माझ्याकडे तीन माणसं कामाला आहेत.

रामबागकर:
अंगठा गेला तेव्हा मीही ‘आमचा काय दोष’ असंच म्हणत होतो. कैदेबद्दल माझं मत बदललेलं नाही. ते पत्रक मी जपून ठेवलंय, त्यावर छापखान्याचं नाव नाही. कागद आणि छपाई बघून कोणाचं काम आहे हे तुम्हाला ओळखता येईल?

ऑफसेटवाला:
येईल बहुतेक. रविवारी सकाळी घेऊन या, शटर अर्धं उघडं असतं.