मीटरचा आकडा आणि बिलातली युनिट्स
तुमच्या गॅस मीटरच्या मागच्या आणि आताच्या रीडिंगमध्ये फरक 20 चा आणि गॅसच्या बिलात 222 युनिट्स, म्हणून फसवणुकीची शंका आली, ते समजू शकतो. पण हा हिशोब बरोबर असू शकतो. मीटर गॅसचं आकारमान घनमीटरमध्ये मोजतो, आकारणी मात्र बऱ्याच ठिकाणी उष्णतेवर, म्हणजे किलोवॅट-तासांवर होते. बिलात 'उष्मांक मूल्य', म्हणजे एक घनमीटर गॅसमधून मिळणारी उष्णता, शोधा. ते घनमीटरमागे 40 मेगाजूल असेल, तर 20 गुणिले 40 म्हणजे 800 मेगाजूल; एक किलोवॅट-तास म्हणजे 3.6 मेगाजूल, म्हणून त्याला 3.6 ने भागलं की 222. काही बिलांत दाब-तापमानासाठी आणखी एक गुणक असतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं.

स्थिर आकार वेगळा. गॅस अजिबात वापरला नाही तरी तो लागतोच. कर शेवटी बेरजेवर.

खरी काळजी घ्यायची ती रीडिंगची. आकड्याशेजारी 'अंदाजित' लिहिलंय का, ते आधी बघा. मी महिनाभर घरी नव्हतो तेव्हा माझं रीडिंग अंदाजाने टाकलं होतं, आणि बिलातला आकडा मीटरच्याही पुढे गेलेला! मीटरचा फोटो पाठवला, तेव्हा बिल दुरुस्त झालं. तेव्हापासून दर महिन्याला फोटो काढून ठेवतो. फोटोत मीटरचा क्रमांकही यायला हवा, आणि रीडिंग कळवताना दशांशचिन्हापुढचे लाल आकडे सहसा सोडून द्यायचे. ते चुकून धरले तर वापर कैक पटींनी वाढलेला दिसतो.

तुमच्या बिलावर 'अंदाजित' आहे का, तेवढं बघून सांगा.