गुरूवर यान उतरवलं तर ते टेकणार कशावर?

शंकासुर: सहावीतल्या पोरीने काल जेवताना विचारलं की बाबा गुरूवर यान उतरवलं तर ते टेकणार कशावर, मी आपलं ठोकून दिलं की वायूचा गोळा आहे, धुरातून जावं तसं एकीकडून घुसून दुसरीकडून बाहेर पडेल. तिला पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलापण नाही. जाणकार सांगा.

रात्रपाळी: आरपार कसलं जातंय 😄 डिसेंबर १९९५ मध्ये गॅलिलिओ यानाने सोडलेलं प्रोब, म्हणजे मोजमाप करणारं छोटं उपकरण, गुरूत शिरलं होतं, पॅराशूटवर लटकत खाली खाली गेलं, ५८ मिनिटं डेटा पाठवला आणि मग गप्प. साधारण १५० किमी आत, दाब आपल्या २२ पट, तापमान दीडशे अंश सेल्सिअसच्या वर. गुरूची त्रिज्या ७१ हजार किमी, म्हणजे नुसती सालसुद्धा सोलली नाही. त्याखाली वायू दाबून दाबून द्रव होतो, अजून खोल हायड्रोजन धातूसारखा वागतो, पण इथे हवा संपली आणि इथे द्रव सुरू झाला अशी रेघच नाही कुठे.

उलट शुक्र बघा, दाब जवळजवळ ९० पट, पण खाली खडक आहे, म्हणून १९८२ मध्ये व्हेनेरा १३ हे यान तिथे टेकलं आणि दोन तास टिकून रंगीत फोटो पाठवले.

शंकासुर: मग पुस्तकात गुरूचा व्यास देतात तो कुठून कुठपर्यंत??

रात्रपाळी: दाब आपल्या समुद्रसपाटीएवढा होतो ती पातळी धरतात. मानलेली आहे, पाय ठेवायला गेलात तर गेलात.

बुलढाणेकर: आमच्याकडे लोणारला या पोरीला घेऊन. बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पावणेदोन-दोन किमीचा खड्डा, उल्का पडून हजारो वर्षं झाली तरी जागेवर. आणि जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, पृथ्वीएवढाले काळे डाग पडले, काही महिन्यांत सगळे पुसले गेले, कारण खड्डा पडायला काहीतरी घट्ट लागतं ना राव.

शंकासुर: वाचून दाखवलं. आता विचारतेय ते प्रोब सध्या कुठे असेल.

रात्रपाळी: आधी वितळलं असणार, मग वाफ. गुरूतच मिसळलं म्हणा तिला.