अमेरिकन एक्सबॉक्स ३६०चा अडॅप्टर २३० व्होल्टवर लागला, फ्यूज उडाला. दुरुस्ती होईल का?

रानवारा:
जुना जाड एक्सबॉक्स ३६०. अडॅप्टर २०३ वॅटचा, अमेरिकेतून आलेला. लेबलवर इनपुट १००–१२७ व्होल्ट. आउटपुट १२ व्होल्ट १६.५ अँपिअर आणि ५ व्होल्ट स्टँडबाय १ अँपिअर. चुकून थेट २३०च्या सॉकेटमध्ये गेला. फट् आवाज, जळका वास, आता दिवा लागत नाही. खोलून पाहिलं तर फ्यूज काळा आणि शेजारची निळी चकती फुटलेली. मोठा कॅपॅसिटर फुगलेला दिसत नाही.

फ्यूज आणि चकती बदलली की भागेल का? आणि हात लावलाच आहे तर तो २३०वर चालेल असा करता येईल का? मल्टीमीटर आणि सोल्डरिंगची तयारी आहे.

ओहम:
ती चकती म्हणजे व्हेरिस्टर, जादा व्होल्टेजपासून बाकीचं सर्किट वाचवणारा भाग, आणि ती फुटली हे बरंच झालं. १२० व्होल्टच्या सप्लायमध्ये साधारण १४डी२४१के बसवतात, म्हणजे १५० व्होल्ट एसीचा. आपल्या २३०चं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. तो व्हेरिस्टर लगेच शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. पुष्कळदा नुकसान तिथेच थांबतं, पण मोजल्याशिवाय नवा फ्यूज लावू नका.

सर्वात आधी मोठ्या कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज डीसी रेंजवर मोजा. काही शिल्लक असेल तर १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर अर्धा मिनिट धरून ते उतरवा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायचं नाही. ठिणगी उडते, ट्रॅक जळतो.

मग मल्टीमीटरच्या डायोड मोडवर ब्रिज रेक्टिफायर तपासा, म्हणजे एसीचा डीसी करणारे चार डायोड. प्रत्येक डायोड एका बाजूने ०.५च्या आसपास, उलट बाजूने काहीच नाही. हीटसिंकवरच्या मॉसफेटचे, म्हणजे सप्लाय वेगाने चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे, ड्रेन–सोर्स हे दोन पाय तपासा. दोन्ही बाजूंनी शून्य आलं तर मॉसफेट गेला. तसं असेल तर तो एकटा बदलून भागत नाही: सोर्सकडचा एक ओहमपेक्षा कमी मूल्याचा रेझिस्टर ओपन झालेला असतो आणि गेट या तिसऱ्या पायातून त्याला चालवणारा कंट्रोलर आयसीही मेलेला असू शकतो. नुसता मॉसफेट टाकला तर तो सुरू करताक्षणी पुन्हा उडतो.

फ्यूज त्याच अँपिअरचा, त्याच जातीचा, २५० व्होल्टचा. तार बांधणं तर सोडाच, अर्धा अँपिअरही वाढवू नका.

सोल्डरगन:
२३०वर चालवण्याचा विचार सोडा. १२० व्होल्टला कॅपॅसिटरवर १७० व्होल्ट डीसी येतो, म्हणून तिथे २०० व्होल्टचा माल असतो. ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर टाकला तरी मॉसफेट आणि ट्रान्सफॉर्मरचे वेढे १७०च्याच हिशोबाचे राहतात. एकच अपवाद: दोन २०० व्होल्टचे कॅपॅसिटर ओळीने असतील आणि त्यांच्या मधल्या जोडातून एसीकडे जंपर गेला असेल, तर तो डबलर आहे, म्हणजे १२० व्होल्टवरून दुप्पट डीसी काढणारी जोडणी. त्यात जंपर काढला की सप्लाय २३०चा होतो, पण सर्किट नीट वाचता येत असेल तरच हात घाला. व्हेरिस्टरही मग १४डी४७१के लागेल.

तसं नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. २०३ वॅट आउटपुटला आत २५० वॅट लागतात, पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) ०.६ धरला तर ४००च्या वर व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, होतात. म्हणून ५०० व्हीए, तोही खऱ्या गुंडाळीचा. '१६०० वॅट' छापलेले हलके ट्रॅव्हल कन्व्हर्टर हेअर ड्रायरसाठी असतात. ते लाट मधेच कापतात. सरासरी ११० दिसली तरी टोक २९०च्या घरात राहतं आणि नवा व्हेरिस्टरही फुटेल.

रानवारा:
ब्रिज चांगला, मॉसफेट शॉर्ट नाही. कॅपॅसिटर एकच मोठा, २०० व्होल्टचा, म्हणजे डबलर नाही. फ्यूज आणि १४डी२४१के बदलला. स्टेपडाउनवर, शॉर्ट असला तर प्रवाह रोखायला सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दिलं: बल्ब क्षणभर पेटून विझला, अडॅप्टरचा दिवा नारिंगी. ५ व्होल्ट येतो, १२ मात्र शून्य!

ओहम:
तो तसाच असतो. कन्सोल मागेल तेव्हाच १२ व्होल्ट सुरू होतो. प्लगमध्ये पिवळ्या तीन तारा १२ व्होल्ट, काळ्या तीन ग्राउंड, लाल ५ व्होल्ट स्टँडबाय, निळी चालू करण्याची. लाल आणि निळीमध्ये १ किलोओहम जोडा. दिवा हिरवा व्हायला हवा आणि पिवळ्या–काळ्यामध्ये १२ व्होल्ट दिसायला हवा.

एक लक्षात ठेवा, २३० व्होल्टचा बल्ब ११०वर मंदच जळतो. अंधूक लाल तार सतत दिसली तरी ती शॉर्टची खूण समजा.

सोल्डरगन:
रिकामा १२ व्होल्ट पाहून कन्सोल जोडू नका. सिरीज बल्ब काढा, आधी गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावा, मग ५५ वॅटचा हेडलाइट. तो साडेचार अँपिअर ओढतो. १५ मिनिटांत व्होल्टेज ११.८च्या खाली घसरलं किंवा दिवा लाल झाला, तर १२ व्होल्टच्या बाजूचे कॅपॅसिटर बदला: तितक्याच मायक्रोफॅरडचे, १०५ अंशांचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले). आतला पंखा फिरतोय ना, तेही बघा. धुळीने अडकला की अडॅप्टर तापून बंद पडतो.

कन्सोल बहुतेक सुखरूप असेल, त्याच्याकडे फक्त १२ आणि ५ व्होल्ट जातात. त्यामुळे भारतातला २०३ वॅटचा अडॅप्टर मिळाला तर तोही चालेल, स्टेपडाउनची गरज उरणार नाही. १७५ किंवा १५० वॅटचा घेऊ नका. तुमच्या कन्सोलच्या सॉकेटमध्ये तो बसतच नाही, आणि खाच तासून बसवला तर खेळ जड झाला की बंद पडेल.